दोघांपुरती गाडी

ब्रह्मपुरी
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय चंदा,

तुझं पत्र मिळालं. कानाला मशीन लावूनही फोनवर नुसती घरघर ऐकू येते असं तू लिहिलंस. मग आता पत्रंच बरी. शाळेत एका बाकावर बसून चिठ्ठ्या सरकवायचो, त्या आता ब्रह्मपुरीहून कोसमटोल्याला सरकवू.

बातमी अशी की आमची बस आम्ही विकायला काढली. जिशानच्या अब्बांनी उभा जन्म नाटक मंडळीची बस चालवली हे तुला माहीतच आहे. मंडळीनं ती जुनी बस भंगारात काढली तेव्हा यांनीच ती घेतली. सीटा उपटल्या, आत दोन पलंग, ओटा, कपाट बसवलं, खिडकीशी माझं शिवणयंत्रसुद्धा ठोकून दिलं. पोरगा जिशान हैदराबादला, घर रिकामं. मग तीन हिवाळे आम्ही त्या बसमधूनच फिरलो. दिवाळी झाली की निघायचं आणि ऊन तापलं की परत.

आता हे म्हणतात, बस नको, छोटी गाडी घेऊ. शाळेची पोरं नेणारी एक जुनी व्हॅन यांनी बघून ठेवली आहे. अकरम वेल्डर ती आतून बनवून देणार. मी बघून आले. उभी राहिले तर डोकं छताला लागतं. पलंग एकच बसेल, तोही सकाळी घडी घालून बाक करायचा. दोन भांडी, एक शेगडी, पाण्याचा एक ड्रम. शिवणयंत्राला जागा नाही.

कारण विचारलं तर म्हणतात, "बस लय डिझेल पिते. अन् जंगलाच्या रस्त्यानं वळत नाई." ते खोटं नाही. मागच्या हिवाळ्यात आलापल्लीच्या पुढे एका वळणावर बस अशी अडकली की दोन्हीकडच्या गाड्यांतली माणसं खाली उतरून झाडाच्या फांद्या बाजूला धरून उभी राहिली.

पण चंदा, खरं कारण ते नाही. यांचा उजवा हात थरथरतो. चहाचा ग्लास धरला की थरथरतो. मी बघितलं की म्हणतात, "गरम आहे," आणि खाली ठेवतात. नागपूरला डॉक्टरकडे एकटेच जाऊन आले. चष्म्याचा नंबर बदलला म्हणाले. चष्मा तोच आहे.

मी विचारत नाही. ज्या माणसानं हातात स्टेअरिंग धरूनच घर चालवलं, त्याला हाताबद्दल कसं विचारू? तू कोणाला सांगू नकोस. घरी इस्तारीभाऊंनाही नको.

तलावात झिंगे आले का?

तुझी नसीम


कोसमटोला, ता. आरमोरी
१५ ऑक्टोबर

नसीम,

तुले चंदाचा सलाम, अन् नूरभाऊले रामराम.

तुझं पत्र वाचून मले झोप नाई आली वो. ज्या गाडीत बाईमानसाले उभं राहाले जागा नाई, ती घेऊन कुठी जाता तुमी? आपली काय आता कोवळी उमर आहे? अल्लानं तुले चांगलं पक्कं घर देल्लं, अंगनात विहीर आहे, तिथी राहाचं सोडून काऊन जंगल जंगल फिरून राह्यली? मले तर वाटते नूरभाऊले घरात करमत नाई अन् तू त्याच्या मांगं मांगं जाऊन राह्यली. हात थरथरते तर त्याले बसव घरी. मऊ भात करून घाल.

आमच्या बुढ्याले मी हाताचं नाई सांगतलं. फक्त छोट्या गाडीचं सांगतलं. तो म्हन्ते, "चांगलंच आहे. तलावात बी मोठी नाव घेऊन गेलं तर काठाले लागते. डोंगा कुठी बी जाते." त्याले काय, त्याले सारं जग तलावच दिसते.

झिंगे आले, पन बारीक आहेत. दिवाळीच्या मांगं येशीन तर मोठे भेटतीन.

चंदा


ब्रह्मपुरी
२१ ऑक्टोबर

चंदाबाई,

नूर मोहम्मदचा सलाम घ्या. मी तुमाले कधी पत्र लिवलं नाई. अक्षर वाकडं दिसन. गाडी उतारावर उभी आहे म्हनून असं समजा, असं लिवनार होतो. पन तुमाले खोटं काऊन सांगू?

बाई, मले कंपवात झाला आहे. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं. गोळ्या चालू आहेत. तो म्हन्ते, गोळ्यानं हात हालनं कमी होईन, पन बंद नाई होनार, अन् मोठी गाडी आता चालवाची नाई. छोटी बी किती दिवस, ते नाई सांगता येत. म्हनून मी व्हॅन पाहून राह्यलो. स्टेअरिंग हलकं आहे. अल्लाची मर्जी असन तर एखादा हिवाळा निघून जाईन.

नसीमले हे ठाऊक नाई. सांगतलं तर ती रडनार नाई, ते मले माहीत आहे. ती गप बसन, अन् ते मले पाहवत नाई.

तुमाले लिवाचं कारन येगळं आहे. मी जन्मभर रातच्याले गाडी चालवली. दिवाळी ते होळी रोज नवं गाव, नाटक सुटलं की गाडी काढाची. ती घरी एकटी. मनात होतं, रिटायर झाल्यावर तो सारा मुलूख तिले दिवसा दाखवाचा. दाखवलं थोडं. पन आता मनात येते, ही माह्या हौसेसाठीच तर येत नसन? तिले घर पायजे असन अन् माह्यासाठी बोलत नसन. तुमी लहानपनच्या मैत्रिनी. तुमी तिले विचारा. मी विचाराले सांगतलं, हे सांगू नका. तिले नको असन तर बस बी विकतो, व्हॅन बी नाई घेत. जंगलात तिचे हाल करून मले काय भेटनार?

इस्तारीभाऊले माहा सलाम.

नूर मोहम्मद


कोसमटोला
२८ ऑक्टोबर

नसीम,

एकच विचाराचं आहे म्हनून कार्ड टाकून राह्यली. तुले सच्चीमुच्ची फिरनं गमते का? का फक्त नूरभाऊसाठी जाते? घर पायजे का गाडी? मनातलं लिव. शाळेत कशी बाईच्या धाकानं "हो बाई, हो बाई" करे, तसं नको करू.

चंदा


ब्रह्मपुरी
७ नोव्हेंबर

प्रिय चंदा,

तू विचारलंस म्हणून मीही स्वतःला विचारलं. एवढं सरळ मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

पहिला हिवाळा मला मुळीच आवडला नाही. सिरोंच्यापर्यंत गेलो होतो, आणि मी जाताना रडले, येताना रडले. सकाळी बाहेर जायचं म्हटलं तरी आधी चार दिशांना बघायचं. गाडी उभी केली की भोवती माणसं जमायची. एका गावात म्हातारी मला म्हणाली, "बाई, दाताचं औषध विकता का?" दुसऱ्या गावात विचारलं, सर्कस कधी आहे. कापडाच्या आड बसून मी नमाज पढायचे आणि बाहेर पोरं हसायची. घरी आल्यावर मी विहिरीच्या काठाला हात लावून बसून राहिले. तेव्हा तू विचारलं असतंस तर लिहिलं असतं, घर पाहिजे, गाडी जाळून टाक.

दुसऱ्या हिवाळ्यात एक गोष्ट झाली. अहेरीच्या अलीकडे एका गावाबाहेर दुपारी थांबलो होतो. अवेळी पाऊस लागला आणि बस गळायला लागली. आम्ही दोघं दाराच्या पायरीवर बसलो, तेवढीच जागा कोरडी होती. बोलायला काही नव्हतं. मग हे अचानक नाटकातलं बोलू लागले. हिरोचं नाही, हिरॉइनचं! अख्खा प्रवेश, गळा काढून, पदर सावरल्यासारखं करून. इतकी वर्षं रोज विंगेत उभं राहून त्यांना सगळं पाठ झालं होतं. मी इतकी हसले की पाय घसरून चिखलात पडले. हे मला उचलायला आले तर तेही पडले.

चंदा, आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. हे पहाटे घरी यायचे आणि झोपायचे. मला त्यांची झोप माहीत होती, ते माहीत नव्हते. आता गावोगावची माणसं हाक मारतात, "ड्रायव्हरभाऊ!" धावत येतात, घरातून चिवडा आणतात. कुठल्या गावात कोणत्या नटीला विंचू चावला आणि यांनी तिला कसं दवाखान्यात नेलं, हे मला परक्या माणसांकडून कळलं. घरात राहिले असते तर मला हा नवरा मिळालाच नसता.

तेव्हा लिहिते, गाडी पाहिजे. छोटी असली तरी पाहिजे. उभं राहायला जागा नसली तर बसून राहीन.

आणि आता दुसरं सांगते, हेही कोणाला सांगू नकोस. मी गाडी शिकते आहे. हसू नकोस! इथे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रीता नावाची मुलगी शिकवते. कच्चं लायसन झालं. घरी सांगते की शेजारच्या अंजुमकडे शिवणाला चालले, आणि कॉलेजच्या मैदानात गोल गोल फिरते. रीता म्हणते, "काकू, क्लच सोडा, तो पळून नाई जात." यांचा हात एक दिवस स्टेअरिंग धरू शकणार नाही, हे मी कधीचं ओळखलं आहे. त्या दिवशी यांनी घरी बसायचं की बाजूला बसायचं, एवढाच प्रश्न आहे. मला त्यांना बाजूला बसवायचं आहे. पण आधी पक्कं लायसन हातात येऊ दे, मग सांगेन. त्याआधी कळलं तर त्यांना वाटेल, मी त्यांच्या हातातून गाडी काढून घ्यायला टपले आहे.

तुझी नसीम


ब्रह्मपुरी
२४ नोव्हेंबर

चंदाबाई,

सलाम. परवा आरमोरीच्या बाजारात इस्तारीभाऊ भेटले. मासोळ्या विकून राह्यले होते. मी सहज विचारलं, आमच्या घरचं काही पत्र आलं का? ते म्हनले, "हाव, आलं. बाई म्हन्ते का पयल्या सालापासून तिले काही गमत नाई. जाताना रडते, येताना रडते. म्हने गाडी जाळून टाक."

बाई, तुमचे उपकार. जे पायजे होतं ते समजलं. व्हॅनवाल्याले मी नाई सांगून देल्लं. बसले गिऱ्हाईक आहे, ती बी जाईन. नसीमले मी अजून काही बोललो नाई. ती विचारते, अकरमचं काम कुठपर्यंत आलं, तर मी म्हन्तो, चालू आहे.

आनखी एक सांगतो, मनातून जात नाई म्हनून. बसस्टँडवरच्या पोट्ट्यानं मले सांगतलं का भाभी कॉलेजच्या ग्राउंडवर गाडी शिकून राह्यल्या. मी जाऊन पाहून आलो, झाडाआडून. तिनं आरसा बरोबर लावला होता. वळताना पाहे बी बरोबर. चांगली चालवते. पन मी तिथी उभा राहून इचार केला, ही मले न सांगता काऊन शिकते? मंग समजलं. तिले माहं दुखनं समजलं असन. माह्या मांगं एकटीचं कसं होईन, बँकेत, दवाखान्यात कोन नेईन, त्याची तयारी करून राह्यली. बरोबरच आहे तिचं. शहान्या बाईनं तसंच केलं पायजे. पन मी घरी येताना दोनदा रस्ता चुकलो. माह्याच गावात.

आता लिवनं होत नाई.

नूर मोहम्मद


कोसमटोला
२९ नोव्हेंबर

नसीम अन् नूरभाऊ,

हे पत्र दोघाच्या नावानं आहे. दोघानं येका खाटेवर बसून वाचाचं. नसीमनं मोठ्यानं वाचाचं, भाऊनं आयकाचं. मधात कोनी उठून जाचं नाई.

आधी आमच्या बुढ्याचं सांगते. मले आयकू येत नाई म्हनून मी पत्र मोठ्यानं वाचते, साऱ्या टोल्याले समजते. त्या दिवशी बुढा मासोळीचं टोपलं भरून राह्यला होता. त्यानं पयलं पान आयकलं अन् गेला बाजारात. रडनं आयकलं, हसनं आयकलंच नाई. अर्धं पत्र आयकून त्यानं भाऊले पुरं उत्तर देल्लं. मी त्याले काल जेवाले नाई वाढलं. आज वाढलं.

भाऊ, नसीमनं मंग काय लिवलं ते आयका. लिवलं का गाडी पायजे. छोटी असली तरी पायजे, उभं राहाले जागा नसन तर बसून राहीन. लिवलं का घरात राह्यली असती तर मले हा नवरा भेटलाच नसता. हे मी माह्या मनचं नाई सांगत, पत्र माह्या पेटीत आहे, येऊन पाहा. अन् गाडी ती तुमच्या मांगं एकटीसाठी नाई शिकत. तुमाले बाजूले बसवासाठी शिकते. तुमचा हात थरथरते हे तिले ऑक्टोबरपासून नाई, त्याच्या बी आधीपासून माहीत आहे.

नसीम, भाऊले कंपवात आहे. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं. तुझे हाल होतीन म्हनून त्यानं व्हॅन नको म्हनून सांगतलं आहे. अकरमचं काम चालू नाई, बंद आहे. अन् तू शिकते हे त्याले माहीत आहे. झाडाआडून पाह्यलं त्यानं. चांगली चालवते म्हन्ते.

तुमी दोघंबी म्हन्ता, चंदा, कोनाले सांगू नको. मी बहिरी आहे, मुकी नाई. माह्या पोटात आता जागा नाई राह्यली.

तुमची चंदा


ब्रह्मपुरी
९ डिसेंबर

प्रिय चंदा,

तू सांगितलंस तसं एका खाटेवर बसून वाचलं. यांनी ऐकून घेतलं, उठले आणि अंगणाबाहेर बसमध्ये जाऊन स्टेअरिंगवर बसले. गाडी चालू केली नाही. मी थोडा वेळ घरात भांडी उगाच इकडची तिकडे केली, मग मीही गेले.

मी म्हटलं, "मले काऊन नाई सांगतलं?" तुझ्या पत्रातलीच भाषा तोंडात आली.

ते म्हणाले, "तू काऊन नाई सांगतलं?"

समोर रस्त्यावरून धानाची ट्रॅक्टरं चालली होती. एकेक जाईपर्यंत आम्ही बघत बसलो. मग यांनी उजवा हात स्टेअरिंगवरून उचलला आणि माझ्यासमोर धरला. नुसता धरून ठेवला. तो थरथरत होता, आणि पहिल्यांदाच यांनी तो लपवला नाही. मी तो माझ्या दोन हातांत घेतला. थांबला नाही, चंदा. मला वाटलं होतं, मी धरला की थांबेल. नाही थांबला. पण आम्ही तसेच बसून राहिलो.

बस गेली. लाखांदूरकडच्या माणसानं नेली, त्यात तो दुकान टाकणार आहे. जाताना हे आत गेले नाहीत, मागच्या दारानं वावराकडे निघून गेले. व्हॅनवाल्याला पुन्हा हो म्हटलं, व्हॅन आली. अकरमनं काम पुन्हा सुरू केलं. मी शिवणयंत्र अंजुमला दिलं, आणि सुईदोरा तेवढा ठेवला.

आता हे मला शिकवतात. रीता बरी होती गं! हे बाजूला बसून ओरडतात, "गिअर! गिअर! आयकू येत नाई का तुले, इंजिन रडून राह्यलं!" काल मी गाडी रस्त्यात बंद करून खाली उतरले आणि पायी घरी आले. हे मागून आले. गाडी तिथेच राहिली, मग किल्ली घेऊन पुन्हा दोघं पायी गेलो. आज ओरडले नाहीत. आज नुसते जोरजोरात श्वास घेत होते.

इस्तारीभाऊंना जेवायला वाढ. त्यांची काही चूक नाही.

तुझी नसीम


भामरागड
१८ फेब्रुवारी २०२५

चंदाबाई,

सलाम. माह्या हाताची आज तब्येत बरी नाई, म्हनून मी सांगून राह्यलो अन् नसीम लिवून राह्यली. तिनं तिच्या मनचं काही टाकलं तर मले ठाऊक नाई.

(टाकणारच आहे. — नसीम)

पक्कं लायसन भेटलं. त्या दिवशी तिनं घरी येऊन ते आरशासमोर धरलं अन् आपलाच फोटो पाहत बसली.

(फोटो वाईट आला आहे म्हणून बघत होते.)

मंग निघालो. आरमोरीले तुमच्याकडे थांबलो तेव्हा तुमी सारं पाह्यलंच. तिथून गडचिरोली, आष्टी, आलापल्ली. थोडं नसीम चालवे, थोडं मी. सकाळी गोळी घेतली का दोनेक घंटे माहा हात बरा राहते, तेवढ्यात मी चालवत होतो. गाडी छोटी आहे, दोघं आत असलो का एकानं वळाचं असन तर दुसऱ्यानं बसाचं. पयले दोन दिवस आमी नुसते एकमेकाले धक्के मारले. आता समजलं. ती उठली का मी बसतो. मी उठलो का ती पाय वर घेते. नवरानवरीसारखं वाटते.

(हे मी लिहिणार नव्हते, पण हे लिही म्हणतात.)

आता नाल्याचं सांगतो. आलापल्लीपासून भामरागडच्या रस्त्यानं येक ठिकानी काम चालू आहे, गाड्या खालून नाल्यातून काढतात. उतार खराब, खाली गोटे, थोडं पानी. नसीम चालवून राह्यली होती. गाडी अर्ध्या उतारावर आली अन् तिनं ब्रेक दाबून धरला. तोंड पांढरं. म्हने, "तुम्ही घ्या." माहा हात त्या टायमाले पानासारखा हालून राह्यला होता. मी म्हनलं, मले नाई जमनार. तिनं माह्याकडे पाह्यलं. मांगं दोन मोटारसायकली येऊन थांबल्या.

मंग मी उतरलो अन् गाडीच्या समोर पान्यात जाऊन उभा राह्यलो. हातानं दाखवाले लागलो, इकडे, इकडे. ती काचेतून डोकं काढून ओरडली, "एका ठिकाणी दाखवा ना! डावीकडे म्हणता की उजवीकडे? हात आधी थांबवा!"

बाई, येक घडी मी उभाच राह्यलो. अन् मंग मले हसू आलं. तिले बी आलं. मी पान्यात हसून राह्यलो, ती गाडीत हसून राह्यली, मोटारसायकलवाल्याले काही समजेना. या हातावर आमी पयल्यांदा हसलो. मंग मी हात खिशात घातले अन् तोंडानं सांगतलं. विंगेतून नटाले सांगतात तसं, मोठ्यानं. "डावं! आनखी डावं! आता सोड!" ती आली. गाडी गोट्यावरून डुलत डुलत पार आली अन् पलीकडचा चढ चढून गेली. मले तिथीच सोडून. मी पायजामा वर धरून मांगून धावलो.

(चढावर थांबले असते तर गाडी मागे आली असती. यांनीच शिकवलं आहे.)

वर गेलो तर ती स्टेअरिंगवर डोकं टेकून बसली होती. मी दार उघडून पाठीवर हात ठेवला. मंग मी खिशातून माहं लायसन काढलं अन् समोरच्या कप्प्यात टाकून देल्लं. म्हनलं, आता हे इथीच राहू दे. तिनं माह्याकडे पाह्यलं. तिनं मांगतलं नव्हतं. कोनीच मांगतलं नव्हतं. माहं मलेच वाटलं का आता देल्लं तर देल्लं म्हनता येईन, मांगून हिसकलं असं नाई. रडू नाई आलं. थोडंसं आलं.

इथी भामरागडले तीन नद्या भेटतात. काल दुपारी काठावर गाडी लावली. लालसू म्हनून मंडळीच्या नाटकाचा जुना शौकीन आहे, तो भेटला. मले पाहून पळत आला, "ड्रायव्हरभाऊ, ड्रायव्हरभाऊ!" मंग नसीमले गाडी मांगं घेताना पाह्यलं अन् माह्या कानात म्हन्ते, "भाऊ, भाभी चालवते?" मी म्हनलं, हाव. तो म्हन्ते, "भेव नाई लागत?" मी म्हनलं, लागते, पन गाडी चांगली चालवते. त्यानं घरून मोहाची फुलं भाजून आनली, सुकी. नसीमनं मूठभर खाल्ली.

तब्येतीचं सांगतो. काही दिवस बरे जातात, काही नाई. सदऱ्याची बटनं ती लावून देते. गोळी आता दिवसातून येकदा जास्ती घ्या लागते. डॉक्टरले होळीच्या मांगं दाखवू. हे असंच राहीन, कमी नाई होनार. ते आमी दोघंबी जानतो, अन् आता एकमेकापासून लपवासाठी गाडीत जागाच नाई.

नसीम म्हन्ते, उद्या मांगं आलापल्लीले जाऊन सिरोंच्याकडे निंघू. मी म्हनलं, तो रस्ता लय खराब आहे. ती म्हन्ते, "तुम्हाला काय करायचं? चालवणार कोण?"

आता मी खिडकीतून पाहत राहतो. परवा येताना येका झाडावर पांढरी फुलं दिसली, त्याच्याखाली येक बाई लेकराले पाजत बसली होती. मंग बोडीच्या लहान तळ्यात हरनं पानी पीत होती. मंग येका घराच्या भिंतीवर कोनी रंगानं मोर काढला होता. या रस्त्यानं मी किती खेपा गेलो असन, मले गिनती नाई. पन मी फक्त समोर पाह्यलं. चंदाबाई, बाजूच्या सीटवरून येवढं दिसते, हे मले कोनी सांगतलंच नव्हतं.

नूर मोहम्मद
(आणि लिहिणारी नसीम)